आजारी लेंकरूं आणि जबाबदार सल्ला

मूल आजारी पडलें म्हणजे घरांत सल्ल्याला तोटा नसतो. आजी एक सांगते, शेजारीण दुसरें सांगते, औषधाचा दुकानदार फळीवरची एक बाटली काढून देतो, गांवचा भगत अंगारा देतो. आणि हल्लीं यांत प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलची भर पडली आहे. कोणीं कोठून पाठविलेला मजकूर, त्याखालीं कोणा मोठ्या डॉक्टराचें खरें-खोटें नांव, आणि 'सर्वांस कळवा' अशी विनंति! तोटा असतो तो एकाच गोष्टीचा. दिलेला सल्ला चुकला तर त्याचा जाब कोण देणार, हें कोणीच सांगत नाहीं. मूल बरें झालें तर श्रेय घेण्यास दहा जण पुढें येतात. मूल गेलें तर आईबाप एकटे उरतात, आणि वर 'अडाणी' हा शिक्काहि त्यांच्याच कपाळीं बसतो. पवनी तालुक्यांतील आसगांवासारख्या गांवांत, जेथें जिल्ह्याचें मोठें रुग्णालय भंडाऱ्यास आणि त्याहून मोठी रुग्णालयें नागपुरास, तेथें हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. रात्रीं दोन वाजतां मुलाला धाप लागली असतां कोणाचें ऐकावें, हें त्या घटकेस ठरवितां येत नाहीं. तें आधीं ठरलेलें असावें लागतें.

मुलें आईबापांच्या अडाणीपणानें दगावतात, हें वाक्य आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, तें तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे, आणि अर्धें सत्य पुष्कळ वेळां निखळ असत्याहून अधिक घात करतें. आमच्या उंबरठ्याजवळ घडलेले दोन प्रसंग वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावे.

पहिला प्रसंग खुद्द भंडाऱ्याचा. ता. ९ जानेवारी २०२१ रोजीं उत्तररात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या दक्षता कक्षास आग लागली. कक्षांत सतरा बालकें होतीं. सात वांचलीं, दहा दगावलीं. त्या दहा बालकांच्या आयांचें काय चुकलें होतें? त्यांनीं भगताला विचारलें नव्हतें, नवस केला नव्हता, वेळ दवडला नव्हता. नाजूक मूल रुग्णालयांत ठेवावें, तेथें तें सुरक्षित असतें, असें सरकारनें व शहाण्यांनीं सांगितलें. त्यांनीं तें अक्षरशः पाळलें. पुढें चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले, आणि राज्यांतील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे हुकूम सुटले. परंतु वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ता. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं, त्या वेळच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता कक्षास आग लागून दहाहून अधिक रोगी मरण पावले. हुकूम कागदावर सुटतो. तो भिंतींतल्या तारेपर्यंत पोंचला कीं नाहीं, हें पाहणारा कोणी लागतो.

दुसरा प्रसंग नागपूरच्या पलीकडील छिंदवाड्याचा. २०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यांत त्या जिल्ह्याच्या परासिया भागांतील लहान मुलांना साधा ताप-खोकला आला. आईबापांनीं त्यांना डॉक्टराकडे नेलें, डॉक्टरानें लिहून दिलेलें खोकल्याचें पातळ औषध दुकानांतून पैसे मोजून घेतलें, आणि चमच्यानें मोजून पाजलें. थोड्याच दिवसांत मुलांची लघवी बंद झाली. त्यांतील कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलें, आणि वीसहून अधिक मुलें गेलीं. ऑक्टोबरच्या आरंभीं तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्यानें कांचीपुरम जिल्ह्यांतील कारखान्यांत घेतलेल्या 'कोल्ड्रिफ' नांवाच्या त्या औषधाच्या नमुन्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष ४८.६ टक्के निघालें. औषधांत या द्रव्याचा अंश फार तर ०.१ टक्का चालतो. येथें बाटलींतील जवळजवळ अर्धा भाग विषाचा होता! कारखान्याचा परवाना रद्द झाला, मालकास अटक झाली, लिहून देणाऱ्या डॉक्टरासहि अटक झाली. कोणाचा दोष किती, तें न्यायालयानें ठरवावयाचें. त्यावर आम्ही मत देणार नाहीं. परंतु एक गोष्ट कोणत्याहि निकालावांचून स्पष्ट आहे. येथेंहि आईबाप अडाणीपणानें वागले नव्हते. शिकलेला मनुष्य जें करील, तेंच त्यांनीं केलें.

हें विष नवें नाहीं. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फा औषधाच्या एका पातळ मिश्रणांत हेंच द्रव्य वापरल्यानें शंभरावर माणसें मेलीं, आणि पुढच्याच वर्षीं त्या देशानें औषधांचा कडक कायदा केला. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत या विषाची भेसळ असलेलें ग्लिसरीन दिलें गेल्यामुळें चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें पुढें त्यावर अहवाल दिला, आणि औषध खात्यापासून मंत्र्यापर्यंत कोणाचाहि मुलाहिजा न ठेवतां दोष दाखविले. २०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत सुमारें सत्तर मुलांच्या मृत्यूचा संबंध भारतांतून गेलेल्या खोकल्याच्या औषधाशीं जोडला गेला. औषधांत वापरण्याचें शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल महाग. कारखान्यांत इतर कामांसाठीं वापरलें जाणारें हें द्रव्य स्वस्त, आणि चवीला गोड. पिंपावरची चिठ्ठी खरी मानून तपासणी टाळली कीं हा अनर्थ ओढवतो. म्हणजे कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे, कायदा १९४० सालापासून आहे. नाहीं ती फक्त रोजची चिकाटीची अंमलबजावणी.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं, कारण तीहि खरी आहे. २०२५ सालच्या फेब्रुवारींत मेळघाटांतील चिखलदरा तालुक्यांत अवघ्या बावीस दिवसांच्या बालकाच्या पोटावर आजारावरील उपाय म्हणून तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याचें उघडकीस आलें. 'डंबा' या नांवानें ही चाल तिकडे ओळखली जाते. परंपरा म्हणून अशा गोष्टीस क्षमा करणें हें आमच्या मतें परंपरेचाच अपमान करणें आहे. महाराष्ट्रानें २०१३ सालीं अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि त्यांच्या खुनानंतरच सरकारास जाग आली. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणें, हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वांचत नाहीं, आणि तत्पूर्वीं जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून लगेच लस टोंचली तर मरण जवळजवळ निश्चितपणें टळतें. अशा रोगांत मंत्रानें घालविलेला एक दिवस म्हणजे मुलाच्या आयुष्याची किंमत होय.

मात्र या दोन बाजू एकमेकींपासून तुटलेल्या नाहींत. ज्या बापानें शेजारचें मूल रुग्णालयांतून परत आलेलें पाहिलें नाहीं, तो पुढच्या खेपेस भगताकडे वळतो. ज्या बाईस दवाखान्यांत कोणी धड बोललें नाहीं, ती गोड बोलणाऱ्याकडे जाते, मग तो कोणीहि असो. लोक सल्ला घेतात तो ज्ञान पाहून नव्हे, तर विश्वास पाहून. आणि विश्वास व्याख्यानांनीं उत्पन्न होत नसतो, तो अनुभवानें येतो. म्हणून अंधश्रद्धेवर कोरडे ओढणाऱ्या सुधारकानें त्याच हातीं सरकारी दवाखान्याचा कारभारहि तपासला पाहिजे. एक करून दुसरें टाळणें ही अर्धी सुधारणा, आणि अर्ध्या सुधारणेचें फळ वर सांगितलेल्या अर्ध्या सत्यासारखेंच असतें.

इतिहासाचा दाखला हवा असल्यास १८९७ सालचा पुण्याचा प्लेग घ्या. त्या वेळीं रोगी वेगळे ठेवणें व घरें निर्जंतुक करणें या गोष्टी मूळांत वैद्यकशास्त्रास सोडून नव्हत्या. परंतु त्या लष्कराच्या हातीं, घरांत घुसून, बायकामाणसांची बेअदबी करून अमलांत आणल्या गेल्या. आणि लोकांनीं रोगी लपविण्यास सुरुवात केली. सल्ला बरोबर असून भागत नाहीं. तो देणाऱ्याचा हात कसा आहे, हेंहि लोक पाहतात. उलट बाजूस डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र आहे. चवदा वर्षांच्या वयांत त्यांना मूल झालें, तें वैद्यकीय मदतीअभावीं दहा दिवसांत गेलें, आणि त्या दुःखांतून त्या मुलीनें १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविली. आमच्या बायकांना त्यांच्याच भाषेंत व त्यांच्याच विश्वासाचें कोणी तरी सांगणारें हवें, ही गोष्ट त्यांनीं ओळखली होती. आज सव्वाशें वर्षें उलटून गेलीं, तरी गरज तीच आहे.

मग विश्वास ठेवण्याजोगा सल्ला ओळखावा कसा? आम्ही वकिली पद्धतीनें तीन कसोट्या सुचवितों. पहिली, सल्ला देणारा जबाबदार आहे काय? म्हणजे त्याचें नांव, ठिकाण व नोंदणी ठाऊक आहे काय, आणि चुकल्यास त्यास विचारतां येतें काय? मोबाइलवरचा निनावी मजकूर या पहिल्याच कसोटीस नापास होतो. दुसरी, सल्ल्यांत त्याचा विक्रीचा लाभ आहे काय? जो विकतो तोच सांगतो, तेव्हां त्याचें सांगणें खोटेंच असेल असें नव्हे. परंतु साक्षीदाराचा हितसंबंध असला म्हणजे न्यायालय त्याची साक्ष अधिक बारकाईनें तपासतें, तसें आईबापांनीं तपासावें. तिसरी, 'अमुक झालें तर माझ्याजवळ थांबूं नका, पुढें न्या,' असें तो सांगतो काय? जो आपल्या ज्ञानाची सीमा सांगतो, तोच खरा जाणकार. जो सर्व रोगांवर एकच औषध देतो आणि पुढें जाण्यास मनाई करतो, तो अंगाऱ्याची पुडी देणारा असो कीं गळ्यांत नळी घातलेला असो, त्याच्यापासून लेंकरूं दूर ठेवावें.

या तिन्ही कसोट्यांस उतरणारा सल्ला खेड्यांत उभा करतां येतो, याचें प्रमाण शोधण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. तें आमच्याच वैनगंगेच्या खोऱ्यांत, गडचिरोली जिल्ह्यांत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनीं मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न घेतला. अक्षरशून्य दायांनाहि मुलाचा श्वास मोजतां यावा म्हणून मणी सरकविण्याचें व वाळूच्या घड्याळाचें एक साधें साधन बनविलें. पुढें ३९ खेड्यांत गांवांतल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची योजना चालविली. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत तिचे आंकडे प्रसिद्ध झाले. या खेड्यांत दर हजार जन्मांमागें नवजात बालकांचे मृत्यु २५.५ होते, तर तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांत ते ५९.६ होते, आणि निव्वळ घट ६२ टक्के मोजली गेली. मोठी इमारत नाहीं, मोठें यंत्र नाहीं. गांवची बाई, नेमकें शिक्षण, थोडीं औषधें, आणि तिच्या कामावर बारीक देखरेख. २०११ सालीं भारत सरकारनें हीच पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयांत जन्मलेल्या मुलाकडे आशा कार्यकर्तीनें तिसऱ्या, सातव्या, चवदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जावें, आणि घरीं जन्मलेल्या मुलाकडे पहिल्या दिवशींहि जावें, असा नियम झाला. हा आईबापांचा हक्क आहे, हें किती घरांत ठाऊक आहे?

आतां ज्या गोष्टींबद्दल वैद्यकशास्त्रांत वाद उरलेला नाहीं, त्या आम्ही वाचकांपुढें ठेवतों. त्या वैद्याच्या जागीं नाहींत; वैद्याकडे केव्हां धांवावें हें कळण्यासाठीं आहेत. मूल पाणी किंवा दूध घेईनासें झालें, घेतलेलें सर्व ओकूं लागलें, त्यास झटके आले, किंवा तें निपचित पडून हांकेस ओ देईनासें झालें, तर एक घटकाहि न थांबतां रुग्णालय गांठावें. मूल शांत असतां पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आंत साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षें चाळीस किंवा अधिक, असा श्वास असेल अथवा छाती आंत ओढली जात असेल, तर ती साधी सर्दी नव्हे. दोन महिन्यांच्या आंतील मुलास ताप आला किंवा त्याचें अंग गार पडलें, तर घरगुती उपायांत वेळ घालवूं नये. विदर्भांत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. ज्या मुलास तो आहे, त्याचा ताप कधींहि किरकोळ मानूं नये. त्याचप्रमाणें ॲस्पिरिन हें औषध मुलांना आपल्या मनानें देऊं नये.

हगवणींत मूल मरतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ पसरली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणलें. हीच जलसंजीवनी. पुडी मिळाल्यास तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यांत ती पुरी मिसळावी, आणि केलेलें पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ. मीठ त्याहून अधिक नको. जोडीला चवदा दिवस जस्ताची गोळी द्यावी. तिचें माप आशा किंवा डॉक्टर सांगतील. आईचें दूध व नेहमींचें अन्न बंद करूं नये. दांत येतात म्हणून जुलाब होतात आणि ते होऊं द्यावे, ही समजूत तर मुळींच धरूं नये. 'सलाईन लावल्याशिवाय उतार नाहीं' हा आग्रह आमच्या लोकांत फार आहे. पिऊं शकणाऱ्या बहुतेक मुलांना त्याची गरज नसते.

सर्दीचा खोकला बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप जातो, आणि तो थांबविण्याच्या बाटलीचा लहान मुलांना लाभ थोडा व अपाय फार. छिंदवाड्याच्या घटनेनंतर ता. ३ ऑक्टोबर २०२५ रोजीं केंद्रीय आरोग्य खात्यानें दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीचीं औषधें देऊं नयेत, आणि पांच वर्षांखालील मुलांना सहसा देऊं नयेत, असें कळविलें. वर्षावरील मुलास थोडा मध चाटविला तर घशास आराम पडतो. परंतु वर्षाच्या आंतील मुलास मध बिलकुल देऊं नये. त्यांतून एक प्राणघातक विषबाधा होऊं शकते. जन्मतांच मध चाटविण्याची आमची चाल प्रेमाची असेल, पण ती सोडलीच पाहिजे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणी, गुटी, मध कांहींच नको. आजीच्या ज्ञानाचा आम्ही उपहास करीत नाहीं. ऊब, स्वच्छता, आईचें दूध, पेज, धीर या तिच्या गोष्टी शास्त्रासहि मान्य आहेत. जें तपासून टिकलें तें ठेवावें, जें टिकलें नाहीं तें सोडावें. आजीचें असो कीं डॉक्टराचें.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्याशीं दोन शब्द स्पष्ट बोलूं. बाजारांत 'ओआरएस' अशीं ठळक अक्षरें छापलेलीं गोड पेयें कित्येक वर्षें विकलीं गेलीं. त्यांत साखर इतकी कीं हगवणीच्या मुलास तीं पाजल्यास जुलाब वाढावे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनीं सुमारें आठ वर्षें एकटीनें झगडून हें चव्हाट्यावर आणलें, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानें असल्या पेयांच्या नांवांत 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणें केलेली पुडी काय ती खरी जलसंजीवनी. दुकानदारानें आपली फळी आजच तपासावी. त्याचप्रमाणें डॉक्टराच्या चिठ्ठीशिवाय विकूं नये असें ज्या औषधांवर छापलेलें असतें, तीं चिठ्ठीशिवाय विकूं नयेत. मागितलें म्हणून दोन गोळ्या सुट्या देऊं नयेत. प्रत्येक बाटलीचें बिल द्यावें व त्यावर उत्पादनाचा गट क्रमांक लिहावा. छिंदवाड्यास पुढें हाच क्रमांक तपासाचा धागा ठरला. बिलाशिवाय घेतलेल्या औषधाला आईहि नसते आणि बापहि नसतो.

कोणी म्हणेल, "दुकानदारानें औषध दिलें नाहीं तर गरिबानें जावें कोठें? डॉक्टर दूर, मजुरी बुडते, गाडीभाडें अधिक." आक्षेप खरा आहे, आणि तो बाजूस सारणारा सुधारक लोकांना ओळखत नाहीं असेंच आम्ही म्हणूं. परंतु त्याचें उत्तर अज्ञानाची विक्री हें नव्हे. अंतर कमी करणें हें आहे. महाराष्ट्र सरकारनें ता. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते, १०२ वर गरोदर बाई व लहान मूल यांच्यासाठीं गाडी मिळते, आणि १०४ वर आरोग्याविषयीं विचारतां येतें. या सोयी पूर्ण आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्या माहीत नसल्यानें वापरल्या जात नाहींत, आणि वापरल्या जात नसल्यानें सुधारत नाहींत, हें मात्र खास. जो नागरिक तक्रार लेखी करतो, तो पुढच्या दहा जणांची वाट मोकळी करतो.

सरकारचें कर्तव्य काय, हें शोधण्यास नवा कायदा नको. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें लोकांचें आरोग्य सुधारणें हें राज्याच्या प्रथम कर्तव्यांत घातलें आहे. १९९६ सालीं पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सरकारी रुग्णालयांत निकडीच्या वेळीं उपचार न मिळणें हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची सबब चालणार नाहीं. १९५४ सालचा कायदा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस बंदी करतो, आणि १९६१ सालचा महाराष्ट्राचा कायदा नोंदणीशिवाय वैद्यकी करण्यास मनाई करतो. इतके कायदे असून मुलें मरतात, याचा अर्थ उघड आहे. कायदा हा कुंपणासारखा आहे. राखणदार नसेल तर गुरें त्यांतूनच आंत शिरतात. औषधांचे नमुने विषाची बातमी येण्यापूर्वीं तपासले गेले पाहिजेत, आणि त्यांचे निकाल लोकांस मराठींत वाचावयास मिळाले पाहिजेत. रुग्णालयाच्या तपासणीचा दाखला कपाटांत न ठेवतां कक्षाच्या दारावर लावला पाहिजे.

परंतु स्वराज्य म्हणजे केवळ सरकाराकडे बोट दाखविण्याचा हक्क नव्हे. आपल्या गांवचा कारभार आपण पाहण्याची जबाबदारीहि त्यांतच येते. म्हणून आसगांवच्या व आसपासच्या मंडळींपुढें आम्ही चार गोष्टी ठेवतों. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत धोक्याचीं लक्षणें, श्वासाचें माप, मीठ-साखरेच्या पाण्याची कृति व वरचे तिन्ही दूरध्वनि क्रमांक लिहावे. खर्च एका रंगाच्या डब्याचा. गांवच्या आशा कार्यकर्तीस ग्रामसभेंत मानानें बोलवावें, वर्षांत किती मुलें जन्मलीं, किती दगावलीं, कशानें दगावलीं, हें तिच्या तोंडून ऐकावें, आणि तिचा मोबदला थकला असल्यास ठराव करून वर पाठवावा. जिच्यावर नवजात मुलाचा भार टाकावयाचा, तिला महिनेमहिने ताटकळत ठेवणें हें गांवास शोभत नाहीं. औषध-दुकानदारांनीं एकत्र बसून, पांच वर्षांखालील मुलाला चिठ्ठीशिवाय खोकल्याची बाटली देणार नाहीं, असा निश्चय करावा व तशी पाटी लावावी. एकट्यानें केल्यास गिऱ्हाईक शेजारीं जातें, सर्वांनीं केल्यास कोणाचेंच जात नाहीं. आणि रात्रींच्या निकडीसाठीं ज्यांच्याकडे वाहन आहे, त्यांचीं नांवें ठरवून ठेवावीं, म्हणजे रुग्णवाहिकेस उशीर झाला तरी मूल ओट्यावर पडून राहणार नाहीं.

यांतील एकहि गोष्ट विद्वत्तेची नाहीं, एकहि मोठ्या पैशाची नाहीं. भंडाऱ्याच्या त्या दहा बालकांनीं आणि नागपुरास आणलेल्या त्या लेंकरांनीं जो प्रश्न मागें ठेविला आहे, तो असा कीं, आईबापांनीं आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, त्या विश्वासास आम्ही पात्र आहों काय? 'आम्ही' म्हणजे डॉक्टर, दुकानदार, अधिकारी, पुढारी, आणि वर्तमानपत्रकारहि. या प्रश्नाचें उत्तर भाषणांत देतां येणार नाहीं. तें पुढच्या पावसाळ्यांत, हगवणीच्या व तापाच्या दिवसांत, आसगांवच्या प्रत्येक घरांत कोणती पुडी आहे, भिंतीवर काय लिहिलें आहे, आणि रात्रीं दोन वाजतां केलेला दूरध्वनि कोणी उचलतो कीं नाहीं, यावरून ठरेल.